झोळी : आईच्या मोकळ्या हातांची गोष्ट

रायगड किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हिरकणीची गोष्ट तरी ऐकली असेलच. गडाच्या पायथ्याच्या वाडीत राहणारी ही गवळण. डोक्यावर दुधाची भांडी घेऊन गड चढायची, दूध घालायची आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरायची. एका कोजागिरीला तिला उशीर झाला. दरवाजे बंद झाले. पहारेकरी म्हणाले, ''बाई, महाराजांचा हुकूम आहे. आता सकाळीच दार उघडेल.'' घरी तान्हे बाळ एकटे. त्या माउलीने कडा गाठला आणि अंधारात, जिथून उतरायला कुणी धजणार नाही अशा जागेवरून ती खाली उतरली. शिवाजीमहाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले, असे लोक सांगतात. ही लोककथा आहे, कागदोपत्री इतिहास नव्हे. पण बुरुजाचे नाव आजही हिरकणीचेच आहे आणि एस्. टी. स्थानकावर बाळाला पाजण्यासाठी जी आडोशाची खोली केलेली असते तिलाही हिरकणी कक्षच म्हणतात.

मी मास्तर माणूस. अलिबाग तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात चौथीच्या वर्गाला मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो. सांगून झाली, मुले गप्प झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ होता. आई पहाटे मासळी आणायला बंदरावर गेली की तो हिच्याकडेच असायचा. ती म्हणाली, ''गुरुजी, हिरकणीनं बाळ बरोबर का नाही नेलं? मी तर शाळेत आणते.''

वर्ग हसला. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता बरं का. आज त्याचेच उत्तर द्यायचा विचार आहे. आपण लढायांचा, राजांचा इतिहास शिकवतो. पण कामाला जाणाऱ्या बाईने आपले तान्हे मूल कुठे ठेवले, याचाही इतिहास आहे. हा इतिहास कळला म्हणजे आज बाजारात बाळ अंगाशी बांधायच्या ज्या पिशव्या मिळतात, त्यांतली कोणती घ्यावी आणि कोणती घेऊ नये, हेही आपोआप कळू लागते.

हिरकणीचे उत्तर सोपे आहे. तिच्या डोक्यावर भांडी होती, एक हात भांड्यांना होता, दुसरा चढणीला. बाळाला हातच उरला नव्हता.

आपल्या कामकरी बाईची ही अडचण पिढ्यान् पिढ्यांची. वेरूळच्या १४ व्या लेण्यात सप्तमातृका कोरल्या आहेत. त्यांच्याजवळ लहान मुले आहेत. पण त्या देवी. त्यांना चार हात आणि बसायला आसन. आमची कोळीण, आगरीण, कातकरीण यांना हात दोनच, आणि बसायला सवड नाही. कोळणीच्या डोक्यावर मासळीची पाटी. मिठागरात मिठाची टोपली. भातलावणीला तर दोन्ही हात चिखलात आणि पाठ वाकलेली. मग बाळ ठेवायचे कुठे?

आपल्या बायकांनी यावर चार-पाच तोडी काढल्या. त्या तुमच्या घरातल्याच आहेत, पण एकदा नीट ओळीने पाहू.

पहिली तोड म्हणजे कड. बाळ कमरेवर घ्यायचे, त्याचे दोन पाय दोन बाजूंना. यात एक हात मोकळा राहतो, एक अडकतो. शिवाय यासाठी बाळाने मान धरलेली हवी. दुसरी तोड पदराची. लुगड्याचा पदर किंवा वेगळे फडके खांद्यावरून घेऊन बाळाला छातीशी वा कमरेशी आवळायचे. तिसरी पाठीची. बाळ जरा मोठे झाले की ते पाठीशी बांधायचे. चौथी म्हणजे झोळी. जुन्या लुगड्याची दोन टोके दोरीने बांधायची आणि घरात वाशाला, शेतावर झाडाच्या फांदीला अडकवायची. पहिल्या तीन तोडींत बाळ आईच्या अंगावर असते. झोळीत ते आईपासून सुटते. आईचे दोन्ही हात मोकळे होतात खरे, पण बाळ मात्र झाडाखाली एकटे राहते. पाऊस आला, मुंग्या लागल्या, झोळी फिरून पीळ बसला, तर जवळ कुणीतरी हवेच. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा थोरली बहीण. ही पाचवी तोड. तिच्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

पाठीशी मूल बांधलेली बाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोण येते? झाशीची राणी. घोडा उधळलेला, हातात तलवार, पाठीवर छोटा दामोदर. पुष्कळ चित्रांत आणि पुतळ्यांत हेच दाखवतात. या प्रसंगाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. १८५८ साली इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीतच होते. पुढे घरी येऊन त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली. 'माझा प्रवास' या नावाचे ते पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी छापले. राणीने निघताना मुलाला वस्त्राने पाठीशी बांधले होते, असे गोडसे भटजी सांगतात.

पण शिक्षक बंधूंनी एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. दामोदररावांना १८५३ च्या नोव्हेंबरात दत्तक घेतले तेव्हा ते सुमारे पाच वर्षांचे होते. मग १८५८ च्या एप्रिलमध्ये किती? नऊ-दहा वर्षांचे. म्हणजे चित्रातले ते तान्हे बाळ नव्हते, चांगला जाणता मुलगा होता. चित्रकाराने मूल लहान केले, कारण पाहणाऱ्याला आई दिसायला हवी होती. गोष्ट खोटी ठरत नाही, पण इतिहास वाचताना वयाचा हिशेब करावा एवढे कळते. आणि दुसरेही एक कळते. राणीजवळ मूल बांधायला होते काय? वस्त्रच. राणी असो की गवळण, मूल अंगाशी बांधायचे साधन एकच होते, घरातले कापड.

आता कोकणातून मुंबईला चला. गेल्या शतकात आपल्याकडची माणसे गिरण्यांत गेली. रत्नागिरीची अधिक, पण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचीही होती. आपला जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. पुरुषांबरोबर बायकाही गिरणीत काम करीत. शेताच्या बांधावर झोळी टांगता येते; गिरणीच्या खात्यात, फिरत्या पट्ट्यांजवळ कुठे टांगणार? बाळ चाळीतल्या खोलीत ठेवून जावे लागे. ते दिवसभर रडू नये म्हणून त्याला काय देत, ठाऊक आहे? बाळगोळी. या गोळीत अफू असायची. बाळ गुंगून पडून राही. भूक लागली तरी रडत नसे. रडत नाही म्हणून पाजणे होत नसे आणि मूल वाळत जाई. १९२० च्या दशकात मुंबईतल्या डॉक्टरांनी याविरुद्ध वारंवार लिहिले. त्या आया वाईट होत्या का? मुळीच नाही. त्यांना बाळ अंगाशी बांधायला जागा नव्हती आणि काम सोडायला पैसा नव्हता.

यावर उपाय कापडाने होणार नव्हता, कायद्याने व्हायचा होता. ज्या महाड तालुक्यात हिरकणीचा बुरूज आहे, त्याच महाडला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या मदतीचे बिल आले. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने, ज्या कारखान्यात पन्नासांहून अधिक बायका काम करतात तेथे पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. १९६१ साली सगळ्या देशासाठी मातृत्व लाभाचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

हे सगळे चांगलेच झाले. पण या कायद्यांत कोण बसले? कारखान्यातली, कचेरीतली बाई. मासळी विकणारी, लावणीला जाणारी, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जाणारी बाई यांत बसली नाही. तिच्याकडे जुने फडके आणि थोरली लेक, एवढेच राहिले.

आणि आता त्या थोरल्या लेकीची गोष्ट. माझ्या वर्गातल्या मुलीचा भाऊ एके दिवशी फार रडला. तपासणीचे दिवस होते. मी तिला म्हणालो, ''बाळ, याला घरी ठेवून ये.'' ती गेली ती त्या दिवशी परत आली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर तिचे नाव हजेरीत नुसतेच राहिले. मी तिच्या घरी गेलो. आजी अंगणात सुकट पसरत होती. मी म्हणालो, ''आजी, मुलगी हुशार आहे. तिला पाठवा.'' आजी म्हणाली, ''मास्तर, तुमचं खरं. पण हा धाकटा मोठा होऊ दे आधी. मग ती येईलच की.'' धाकटा मोठा झाला. तो शाळेत आला. ती आली नाही.

हा दोष मी माझ्याच पदरी घेतो. मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरचे बाळ आधी कुणीतरी घेतले पाहिजे, ही साधी गोष्ट मला सुचली नाही. ज्यांना ती सुचली त्या दोन बायकांची नावे शिक्षकांनी तरी विसरू नयेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेला बोर्डीस त्यांनी १९४५ साली काम सुरू केले आणि १९५७ साली त्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी गेल्या. त्यांनी पाहिले की थोरली मुलगी भावंड सांभाळते म्हणून शाळेत येत नाही. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात ठेवली. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा प्रयोग. आज गावोगाव दिसते ती अंगणवाडीची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण अंगणवाडीच्या वर्गात मूल बसायचे ते तिसऱ्या वर्षापासून. त्याच्या आधीची तीन वर्षे बाळ बहुतेक घरांत आईच्याच अंगावर किंवा बहिणीच्या कडेवर राहिले.

आता गंमत बघा. आपण ज्या फडक्याला गरिबीची खूण समजत होतो, त्याच फडक्याकडे श्रीमंत देश शिकायला आले. १९६० च्या दशकात अ‍ॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका आफ्रिकेतल्या टोगो देशात सेवेला गेली होती. तिथल्या आया पाठीशी बाळ बांधून बाजार करतात, दळतात-कांडतात, आणि बाळे शांत असतात, हे तिने पाहिले. परत गेल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने तशी पिशवी शिवून घेतली. १९६९ साली तिला तिचे पेटंट मिळाले आणि पुढे ती पिशवी दुकानांत आली. जर्मनीत एरिका हॉफमन या बाईला जुळी झाली. तिने मेक्सिकोतल्या बायका वापरतात तसले लांब कापड वापरून पाहिले आणि १९७२ साली अशी कापडे विणून विकायचा धंदाच सुरू केला. आज शहरातल्या दुकानात बंदांची, कड्यांची, चापांची जी पिशवी मिळते, तिची आजी म्हणजे हे फडके.

डॉक्टरांनीही यात लक्ष घातले. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देश आहे. त्याच्या राजधानीत, बोगोटा शहरात, १९७८ च्या सुमारास एडगर रे आणि हेक्टर मार्तीनेस या डॉक्टरांसमोर मोठी अडचण होती. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळे पुष्कळ आणि ती उबेत ठेवायच्या पेट्या थोड्या. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी उभे ठेवून वरून कापड बांधले. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी. कांगारू नावाचा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, म्हणून या रीतीला कांगारू पद्धत म्हणतात. २०२१ साली पाच देशांतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या दिल्लीचेही एक रुग्णालय होते. एक किलोपासून सुमारे पावणेदोन किलोपर्यंतच्या बाळांना जन्मल्यापासूनच असे छातीशी ठेवले तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होतात, असे दिसून आले. धडधाकट बाळांचेही तसेच. १९८६ साली कॅनडातल्या एका अभ्यासात, रोज नेहमीपेक्षा अधिक वेळ अंगावर घेतलेली सहा आठवड्यांची बाळे इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी रडली. बाळगोळीने रडे बंद होत असे, आणि अंगाच्या उबेनेही ते कमी होते. पण या दोन गप्प बसण्यांत केवढे अंतर!

मात्र बांधायचे म्हणून कसेही बांधले तर ते घातही करते. हे सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

पहिला धोका श्वासाचा. नव्या जन्मलेल्या बाळाला मान सावरता येत नाही. खोल झोळीसारख्या पिशवीत ते मुटकुळे होऊन पडले की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. नाहीतर नाक कापडात किंवा आईच्या अंगात रुतते. बाळ ओरडूही शकत नाही. अमेरिकेच्या सरकारी खात्याने २०१० साली याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. खांद्यावरून अडकवायच्या झोळ्यांत वीस वर्षांत निदान १४ बाळे दगावल्याचे त्यात म्हटले होते. त्यांतली १२ चार महिन्यांच्या आतली होती. तेव्हा तान्ह्याला आडवे, गोल करून, पदराआड झाकून बांधू नये.

दुसरा धोका खुब्याचा. बाळाचे पाय सरळ व्हावेत म्हणून ते ताणून, दुपट्यात घट्ट गुंडाळायची रीत आपल्याकडे आहे. अमेरिकेतले नवाहो लोक बाळाला पाय सरळ ठेवून फळीवर बांधत. त्यांच्यात खुबा निखळण्याचे प्रमाण फार होते. जपानात १९७० च्या दशकात डॉक्टरांनी, बाळाचे पाय ताणून बांधू नका, असा प्रचार केला आणि तिथे हा विकार पुष्कळ कमी झाला. तान्ह्याचे पाय नैसर्गिकपणे बेडकासारखे फाकलेले नि गुडघ्यात दुमडलेले असतात. ते तसेच राहू द्यावेत. कडेवर बाळ बसते ते याच रीतीने. आपल्या आज्यांची कड या बाबतीत शास्त्राला धरून होती, असेच म्हणावे लागेल.

आता कुणी सून-लेक विचारील, ''हे सगळं ठीक, पण मी घेऊ काय?'' तर ऐका.

अगदी नव्या बाळासाठी दोन साधने बरी. एक, लांब सुती कापड, जे अंगाभोवती गुंडाळून बाळ समोर छातीशी बसवता येते. दुसरे, बंदांची व चापांची तयार पिशवी. ही घेताना ती किती वजनाच्या बाळापासून चालते ते तिच्यावर लिहिलेले वाचा. पुष्कळ पिशव्या साडेतीन किलोच्या आसपासच्या बाळापासून पुढे चालतात. आपले बाळ अडीच किलोचे असेल तर ती पिशवी त्याला मोठी होते, बाळ आत घसरते. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर दवाखान्यातल्या बाईंना किंवा आशाताईंना विचारल्याशिवाय काहीच बांधू नये.

बाळ उभे, तोंड आईकडे, असे बांधावे. त्याचे डोके इतके वर असावे की आईने मान जराशी वाकवली की टाळूचा मुका घेता यावा. तोंड-नाक सतत डोळ्यांसमोर असावे. हनुवटी आणि छाती यांत दोन बोटे जातील एवढी जागा असावी. बैठक एका गुडघ्याच्या मागपासून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत रुंद हवी, म्हणजे गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर राहतात. नुसत्या चिंचोळ्या पट्टीवर पाय लोंबकळत ठेवणारी पिशवी तान्ह्यासाठी घेऊ नका. पाठीवर बांधायचे ते बाळाने मान नीट धरल्यावर, चार-सहा महिन्यांनंतर, आणि तेही प्रथम कुणाच्या मदतीने.

आईकडेही पाहा. भार दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटला गेला पाहिजे. एका खांद्यावरची झोळी थोडा वेळ बरी, दिवसभर नव्हे. पोट फाडून बाळंतपण झाले असेल तर टाक्यांवर पट्टा येणार नाही असे पाहावे, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय घाई करू नये. बाळ बांधलेले असताना वस्तू उचलायला कमरेतून वाकू नये, गुडघ्यांत बसावे.

आपली हवा दमट. म्हणून कापड सुती, पातळ आणि मजबूत. बाळाला आत जाड झबले, कुंची घालू नका. कापड आणि आईचे अंग एवढी ऊब पुरते. मधूनमधून मानेमागे हात लावून पाहा. घाम आला, अंग तापले, की सोडा. जुने लुगडे मऊ असते खरे, पण ते आधी उजेडासमोर धरा. विरलेले दिसले तर त्याची गोधडी करा, त्यात बाळ बांधू नका. नव्या पिशवीचीही शिवण आणि चाप रोज ओढून पाहावेत.

चूल, उकळते तेल, विळी यांच्याजवळ बाळ अंगावर घेऊन जाऊ नये. मांडव्याला किंवा रेवसला लाँचमध्ये चढताना दोन्ही हात मोकळे असणे सोयीचे आहे, पण गाठ अशी असावी की चटकन सुटेल. आणि मोटारसायकलवर? तिथे ही पिशवी मुळीच कामाची नाही. दुचाकीवरच्या लहान मुलांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली नियम केले. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला वेगळा सुरक्षापट्टा आणि शिरस्त्राण हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तान्ह्याला दुचाकीवर न नेणे हेच शहाणपण.

शेवटी एकच गोष्ट. झोळी आईचे हात मोकळे करते. पण मोकळे झालेले हात लगेच दुसऱ्या ओझ्याला लावायचे असतील, तर आईला काय मिळाले? डोक्यावर पाटी, पाठीवर पोर आणि घरी गेल्यावर पुन्हा चूल. हे फडके फक्त बाईच्याच अंगाला बसते असे कुठे लिहिले आहे? बापाची छातीही तितकीच उबदार असते. कांगारू पद्धतीत डॉक्टर बापाच्या छातीशीही बाळ ठेवतात. संध्याकाळी होडी किनाऱ्याला लागली, शेतावरून माणूस आला, की तासभर त्याने बाळ बांधून अंगणात फिरावे. आईचे हात त्या तासाला खरोखरच मोकळे होतील. आणि थोरली लेक तेवढ्यात आपला धडा वाचील.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात कुणाच्या कडेवर बाळ दिसले तर मी केले तसे करू नका. त्या मुलीला घरी पाठवू नका. बाळाला बसायला एक चटई टाका आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन, ते बाळ कोण सांभाळील याची सोय आईबापांशी बोलून लावा.

हिरकणी कडा उतरली, तिला आपण नमस्कार करतो. केलाच पाहिजे. पण कुणा आईला असा कडा उतरण्याची वेळ येऊ नये, हे पाहणे आपले काम आहे. त्या मुलीने मला विचारले होते ते हेच. उत्तर द्यायला मला फार वर्षे लागली.